टाचमास्तर आणि रस्त्याकडची खोली

"माझ्या गिऱ्हाइकाला दुकान एका फेरीत सापडत नाही, ते तीनदा पुढे जातं, मग सापडतं," असं टाचमास्तर एकदा म्हणाले होते.

सून तेव्हा घरात नवी होती. तिने सहज विचारलं होतं, "बाबा, दुकानाला पाटी का नाही?" त्यावर हे उत्तर मिळालं. म्हातारा तक्रार करतोय असं तिला वाटलं. बिचाऱ्यांना दुकान सापडत नाही, तीन-तीन फेऱ्या मारतात, आणि आपण काय करतोय? तिची नोकरीच मुळी इंटरनेटवर जाहिराती करण्याची होती. गाद्या, टूथब्रश, केसांचं तेल, लोकांना गरज नसलेल्या कितीतरी वस्तू तिने लोकांच्या गळ्यात मारल्या होत्या. आणि इथे लोकांना गरज आहे, वस्तू आहे, फक्त पत्ता नाही! तिने त्याच आठवड्यात नोकरी सोडायचं मनात पक्कं केलं.

टाचमास्तर हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, कुणाचा बोटभर, कुणाचा दोन बोटं, अशा माणसांचे बूट ते बनवायचे. बाहेरून जोड अगदी सारखा दिसायचा. आत एका टाचेखाली चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले, कडेला रापीच्या पात्याने असे तासलेले की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. बूट चढवला की माणूस सरळ चालायचा. कचेरीत वीस वर्षं शेजारी बसणाऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. हा धंदाच असा, की काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी वाखाणतही नाही.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. भिंतीवर लाकडी पावलं ओळीने टांगलेली. मास्तर त्यांना फर्मे म्हणायचे. प्रत्येक फर्म्यावर खडूने एक खूण, नाव नाही. चामडं चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आणि चामड्याचा भुगा. दाराशी आल्यावर दिसायची ती मात्र मास्तरांची पाठ. त्यांचं बाक रस्त्याकडे पाठ करून मांडलेलं होतं. ऊन, पाऊस, गिऱ्हाईक, वसुलीवाला, कोणीही आलं तरी आधी त्या पाठीशीच बोलायचं. सुनेला हे फारच खटकलं. दुकानदाराने तोंड दाखवायला नको?

"ते तोंड बघून कोण येणार आहे?" सासूबाई म्हणाल्या. त्या अस्तर शिवायच्या आणि शिवताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या. "पाठ बरी आहे. मी तीच बघून हो म्हटलं होतं."

आणखी एक गोष्ट होती. दुकानासमोर गटारावर तीन लोखंडी झाकणं होती, त्यातलं मधलं सैल. जो जाईल त्याच्या पायाखाली ते खडखडायचं. नगरपालिकेचा माणूस ते बसवायला आला की टाचमास्तर त्याला आत बोलावून चहा पाजायचे, दोन इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे आणि झाकण तसंच ठेवून परत पाठवायचे. सून समजली, म्हातारपणाचा विक्षिप्तपणा आहे. चालायचंच.

तिने पेज उघडलं. फोटो काढले, नकाशावर खूण केली, दोन ओळींत मजकूर लिहिला. मागवणाऱ्याने काय करायचं? पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखायचा, तीन बाजूंनी फोटो काढायचे, डॉक्टरांनी मोजलेला फरक लिहायचा आणि पाठवून द्यायचं. घरबसल्या बूट. पहिल्या आठवड्यात अकरा मागण्या आल्या. सहा महिन्यांत ज्या शहरांची नावं सासूबाईंना उच्चारता येत नव्हती तिथून पाय यायला लागले.

"आता पाय पोस्टाने येतात," सासूबाई म्हणाल्या. "उद्या डोकी येतील. मग टोप्या शिवू."

पण त्याही खूश होत्या. रोज संध्याकाळी कुरियरवाला यायचा आणि पाच-सहा खोकी घेऊन जायचा. जुनी गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली, पण त्याची खंत करायला वेळ कुणाला होता! उलट जुन्यांपैकीही काहींनी पेजवरूनच मागवायला सुरुवात केली. घरी बसून मिळतंय तर पायपीट कशाला?

मग सुनेच्या नवऱ्याने हिशेब मांडला. तो विमा कंपनीत होता आणि जेवतानाही टक्केवारीत बोलायचा. "दहातली नऊ कामं पेजवरून येतात. मग रस्त्याकडच्या खोलीचं एवढं भाडं आपण कुणासाठी भरतोय? एका माणसासाठी?" घरमालकाची त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, एक खोली रिकामी होती. निम्म्या भाड्यात. सुनेला ते पटलं. खरं तर तिला अभिमानच वाटला, की आपण केलेल्या गोष्टीवर आता अख्खं दुकान उभं आहे, त्याला रस्त्याची गरज उरली नाही.

टाचमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "बरं."

खालच्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकणारा आला. वर नेताना मास्तरांनी बाक स्वतः उचललं. सवयीने आधी खिडकीकडे पाठ करून ठेवलं, थोडा वेळ बसले. मग उठून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सुनेने ते पाहिलं आणि का कोण जाणे, लक्षात ठेवलं.

बूट परत यायला लागले ते त्यानंतर.

एकदम नाही. आधी एक, मग दोन, मग पाच जोडांमागे एक. तक्रार प्रत्येकाची तीच: माप बरोबर आहे, बूट सुंदर आहे, पण संध्याकाळी कंबर दुखते; नवा आहे, सरावेल, म्हणून इतके महिने सोसलं. सुनेला कुतूहलाचा जुना रोग होता. एखादी गोष्ट कळली नाही की तिला अन्न गोड लागायचं नाही. तिने परत आलेला जोड उसवला, थर मोजले, फूटपट्टी लावली. डॉक्टरांनी लिहिलेला फरक आणि टाचेतला फरक यांत केसाचंही अंतर नव्हतं. मग तिने मास्तरांच्या जुन्या जोडांकडे मोर्चा वळवला. चार जुनी गिऱ्हाइकं शोधून काढली, विनवण्या करून त्यांचे झिजलेले बूट मागून आणले आणि तेही मोजले. मोजल्यावर ती चक्रावलीच. त्यातल्या एकाही बुटात डॉक्टरांचं माप नव्हतं! कुठे अर्धं सूत जास्त, कुठे एक सूत कमी, कुठे टाच बाहेरच्या बाजूला उगाच कललेली. मापाप्रमाणे चूक. आणि त्यातला एकही कधी परत आला नव्हता.

"बाबा, हे कसं?"

"काय कसं?"

"हा बूट चुकीचा आहे आणि चांगला आहे."

टाचमास्तरांनी बूट हातात घेऊन पाहिला. "हा वेटरचा," ते म्हणाले. एवढंच.

हा वेटर चौकातल्या हॉटेलात दिवसभर ताटं वाहायचा. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. नेमका त्यानेच मागच्या महिन्यात पेजवरून नवा जोड मागवला होता आणि नेमका त्याचाच परत आला होता. माणूस तोच, पाय तोच, बनवणारे हात तेच. सुनेला याहून चांगली परीक्षा कुठे मिळणार! तिने त्याला बोलावून घेतलं.

तो दुपारच्या सुट्टीत जिने चढून वर आला, धापा टाकत. "काय हो मास्तर, स्वर्गात दुकान काढलंत? अधू पायाच्या माणसाला तीन मजले?"

"सूनबाईंना विचार," मास्तर म्हणाले.

"नवे बूट घालून जरा चालून दाखवा ना," सून म्हणाली.

वेटर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. छाती पुढे, मान ताठ, पावलं मोजून टाकलेली. कवायतीतल्या शिपायाने झक मारावी. सून बघत राहिली. कुठे काही चूक दिसेना.

"झालं?" टाचमास्तर म्हणाले. "आता जा तू."

"आणि बूट?"

"बघतो."

वेटर गेला. सून वैतागली. "बाबा, त्याला एवढं जिने चढवलं आणि तुम्ही धड पाहिलंही नाही!"

"बघण्यासारखं काय होतं? कुणी बघतंय म्हटलं की पाय शहाणा होतो. नवऱ्या मुलासारखा." ते उठून खिडकीशी गेले. खाली वेटर इमारतीतून बाहेर पडला होता, मागच्या गल्लीने हॉटेलकडे निघाला होता. मास्तरांनी मान बाहेर काढली, डोळे बारीक केले, मग मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. "काही कळत नाही," ते म्हणाले. "इथून डोकं दिसतं. पाऊल ऐकू येत नाही."

तेव्हा सुनेच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. तीनदा पुढे जाणारी गिऱ्हाइकं. रस्त्याकडे केलेली पाठ. मधलं सैल झाकण आणि नगरपालिकेच्या माणसाचा चहा. तिने एकेक विचारलं आणि मास्तरांनी एकेकाला हुंकार दिला, जणू ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ज्याचा पाय आखूड आहे तो माणूस या दुकानात यायला लाजतो. आधी सरळ पुढे निघून जातो, वळतो, परत येतो, पुन्हा धीर होत नाही. त्या वेळात त्याचं लक्ष दाराकडे असतं, कोणी ओळखीचं बघत नाही ना याकडे असतं. फक्त पायाकडे नसतं. आत पाठ करून बसलेला म्हातारा आपल्याला पाहत नाही, याचं त्याला बरंच वाटतं. आणि पाय, वर्षानुवर्षं लपवालपवी करून दमलेला पाय, तेवढ्यापुरता खरा पडतो. तीन झाकणं, तीन फेऱ्या. तो माणूस हिय्या करून उंबरठा ओलांडेपर्यंत टाचमास्तरांचं माप घेऊन झालेलं असायचं. नंतर टेप लावायची ती त्याच्या समाधानासाठी.

"हाडाचं माप डॉक्टर घेतो," मास्तर म्हणाले. "पण माणूस हाडावर चालत नाही ना. सवयीवर चालतो. हा वेटर डाव्या हातावर ताट घेतो. आता गुडघा धरला असेल, तर उजवीकडे झुकत असेल. किंवा नसेल. कागदावर काढलेला पाय उभा असतो. उभा पाय मुका."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी पेज काढलं तेव्हा? खोली सोडली तेव्हा?"

टाचमास्तरांनी आरीला मेण लावलं. "तू विचारलंस, वर जायचं का? मी म्हटलं, बरं. जायला काय, कुठेही जाता येतं."

सून त्या रात्री मनात सगळं पुन्हा जुळवत राहिली. आपण लोकांचा संकोच ही अडचण समजलो, आणि त्या संकोचाच्या वाटेवर सडक बांधली. गिऱ्हाईक थेट दारात आलं, आणि येण्यातलं जे ऐकण्यासारखं होतं ते वाटेत सांडलं. तरीही तिला वाटत होतं, काहीतरी मार्ग निघेल. चालण्याचा आवाज पाठवायला सांगता येईल. ती असे मार्ग काढत होती, तोवर पेजच बंद पडलं.

सकाळी मोबाईल उघडला तर तिथे एक सूचना: आपल्या पेजवरची छायाचित्रं आमच्या नियमांत बसत नाहीत, त्यांत उघडे अवयव आहेत. कोणत्यातरी यंत्राने शेकडो पाय पाहिले आणि त्याला ते अश्लील वाटले.

"तळपायाला काय कपडे घालतात?" सासूबाईंनी विचारलं. "मग ते यंत्र स्वतः काय घालून बसलंय?"

सुनेने अर्ज केला. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं; म्हणजे ते कोणी वाचलं नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. आणि मग तिच्या लक्षात आलं, की वीस महिन्यांची सगळी गिऱ्हाइकं त्या बंद दाराच्या आत आहेत. नावं, फोन, पत्ते, कौतुकाचे शब्द, सगळं तिथेच. तिच्या स्वतःच्या वहीत एकही नंबर नव्हता. ज्यांना ती आपली गिऱ्हाइकं म्हणत होती ती त्या पेजची होती; तिला फक्त बघायला मिळत होती, काचेतून.

कुरियरवाला आणखी आठवडाभर सवयीने येत राहिला. मग तोही थांबला.

"आपल्या हातांनी पायावर धोंडा मारून घ्यायचा," सासूबाई म्हणाल्या, "आणि तोसुद्धा आमच्याच धंद्यात!" पण यावेळी त्या हसल्या नाहीत.

महिन्याभराने घरमालक वर आला. खालचा कव्हरवाला चालला होता, त्याचंही इंटरनेटवर भागत होतं म्हणे. रस्त्याकडची खोली हवी असेल तर शनिवारपर्यंत अनामत द्या. नाही तर एक औषधवाला तयार आहे, तो पंधरा वर्षांचा करार करतोय. पंधरा वर्षं म्हणजे टाचमास्तरांच्या हिशेबात कायमचंच.

नवऱ्याचं मत वेगळं होतं. त्याच्या ओळखीचा एक जाहिरातवाला होता. नवं पेज, फोटो नियमात बसणारे, एक झकास व्हिडिओ आणि तीन महिने पैसे भरून जाहिरात. खर्च जवळजवळ अनामतीएवढाच. दोन्ही करणं शक्य नव्हतं. घरात तेवढेच पैसे उरले होते. खोली किंवा व्हिडिओ.

सून दोन दिवस तळ्यात-मळ्यात करत राहिली. खोली घेतली आणि कोणी आलंच नाही तर? तीनदा पुढे जाणारी माणसं आता कुठे असतील? एव्हाना दुकान तिथे नाही हे कळून त्यांनी फेऱ्या मारणंही सोडलं असेल. शेवटी जाहिरातवाल्याशी बोलताना तिच्या तोंडून ती झाकणांची, पाठीची, ऐकण्याची गोष्ट निघून गेली. तो फोनवर जवळजवळ ओरडलाच, "अहो वहिनी, हेच विकायचं! बूट राहू देत. पाऊल ऐकणारा म्हातारा!"

शनिवारी सकाळी तो कॅमेरा, दोन दिवे आणि एक तिकाटणं घेऊन आला. उत्साही माणूस, दहा मिनिटांत सासूबाईंना आई म्हणायला लागला. त्याने मास्तरांचं बाक फिरवून दाराकडे पाठ करून ठेवलं, सैल झाकण म्हणून कुठूनसा एक पत्रा आणून जमिनीवर टाकला. पैशांचं पाकीट सुनेने टेबलावर तयार ठेवलं होतं.

"आजोबा, तुम्ही काही करू नका. नुसते बसा. मी मागून चालेन, थोडा लंगडेन. तुम्ही डोळे मिटून ऐकायचं, मग वळायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, 'तुमचं पाऊल मला सगळं सांगतं.' बस."

"लंगडणार कोणत्या पायाने?" सासूबाईंनी विचारलं.

"डाव्या, आई."

"बरं केलंस सांगितलंस. नाही तर ह्यांना कळलं नसतं."

तो चालला. पत्रा खडखडला. टाचमास्तर डोळे मिटून बसले आणि वळलेच नाहीत.

"छान! पण वळायचं, आजोबा. पुन्हा घेऊ."

पुन्हा पत्रा खडखडला. सून भिंतीला टेकून उभी होती. तिनेही डोळे मिटले. खरं तर आजवर तिने हे कधी करून पाहिलं नव्हतं. ठक्, खर्र, ठक्, खर्र. घड्याळासारखं नेमकं, एकाही पावलाला दुसऱ्याची शंका नाही. हा माणूस लंगडेपण ऐकवत होता. आणि इथे येणारा प्रत्येक जण जन्मभर ते ऐकू येऊ नये म्हणून धडपडत आला होता. जो या व्हिडिओला भुलून येईल, तो असाच येईल, आधीपासून ऐकवायच्या तयारीने. आणि जो खरा लाजणारा आहे, तो आपलं पाऊल ऐकणारा म्हातारा कॅमेऱ्यात बसलाय हे पाहिल्यावर या गल्लीतही फिरकणार नाही.

"बाबा," ती डोळे उघडून म्हणाली. "काही ऐकू येतं का?"

"येतं की. ह्याचा उजवा बूट एक नंबर लहान आहे."

जाहिरातवाला हसला, मग थांबला आणि खाली आपल्या पायाकडे पाहू लागला. "हे कसं... वहिनी, हे घ्यायला हवं होतं! आजोबा, हेच पुन्हा बोला हां, कॅमेऱ्याकडे बघून. एक मिनिट, दिवा जरा..."

टाचमास्तर बाकावरून उठले. कमरेचं चामडी फडकं सोडून बाकावर ठेवलं. सुनेसमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. तिने नवऱ्याचा विचार केला, औषधवाल्याचा केला, आणि टेबलावरचं पाकीट उचलून त्या हातावर ठेवलं.

"आजोबा? अहो, त्यांना सांगा ना, अजून एकच टेक..."

घरमालक दुपारी बाराला बाहेर पडत असे, अनामत त्याआधीच द्यायला हवी होती. आता साडेअकरा वाजले होते. टाचमास्तरांनी पाकीट खिशात घातलं, पत्र्याला वळसा घालून दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागले.